मकडीची जाळी काढली तरी चौथ्या दिवशी परत येतात? आधी दारावरचा बल्ब पाहा

मी गावात विजेची कामं करतो. घरातले बोर्ड, पंखे, शेतातल्या मोटारीचे स्टार्टर, लग्नाच्या मांडवातल्या माळा, जे येईल ते. गाव यवतमाळ जिल्ह्यात, अरुणावतीच्या काठाला. निम्मी घरं कवेलूची, बाकीची टिनाची नाहीतर स्लॅबची. घरचं माणूस ज्या कोपऱ्याकडे दिवाळीच्या साफसफाईलाच मान वर करून पाहतं, तिथं मला शिडी लावून रोज तोंड खुपसावं लागतं. त्यामुळं मकड्यांची आणि माझी ओळख जुनी आहे.

पावसाळा लागला की एक तक्रार घरोघर ऐकू येते. परवा पलीकडच्या गल्लीतली मावशी म्हणाली, "भाऊ, तू शिडीवर चढलाच हायेस तं ते जायं बी काढून टाक. आठ दिवसांत तीनदा काढलं मी. फडा झिजला, पण जायं काही हटत नाही." मी खाली उतरतो न उतरतो तोच पुढचा ठरलेला प्रश्न आला, "कायचं औषध मारू?"

औषधाचं मागून सांगतो, कारण त्यात माझीच फजिती आहे. आधी फॉल्ट शोधू. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणी जाड तार घालून मोकळा झाला तर फ्यूज उडायचा थांबतो, पण पुढं वायरिंग जळतं. नुसता फडा फिरवणं तसंच आहे. मकडी त्या कोपऱ्यात कशासाठी बसली ते तसंच राहतं.

जाळ्याखाली काय पडलंय?

सकाळी झाडायच्या आधी जाळ्याच्या बरोबर खाली फरशीवर बसा आणि पाहा. मकडी भक्ष्यातला रस पिते आणि उरलेलं टरफल खाली टाकून देते. त्या कचऱ्यावरून फॉल्ट कुठल्या लाइनवर आहे ते कळतं. लांबट, पारदर्शक, एकसारखे पंख पडले असतील तर ती पाऊस पडल्यावर उडणारी उधई, म्हणजे वाळवी. चिलटं, तुडतुडे, बारीक पतंग असतील तर तेही दिव्यावरचेच. नुसते डास असतील तर दिव्याला बोल लावू नका, न्हाणीचं पाणी कुठं साचतं ते बघा, कूलरच्या टाकीत एप्रिलपासूनचं पाणी तसंच आहे का ते बघा. झुरळाचे पाय आणि पंख सापडले तर दुखणं स्वयंपाकघरात आहे. मुंगळ्यांची डोकी पडली असतील तर जवळपास भिंतीला भेग आहे.

मावशीच्या छपरीत पसाभर पंख होते. मी मान वर केली. चौकटीच्या वर, दारापासून वीतभर अंतरावर पांढराशुभ्र 12 वॉटचा एलईडी. दिवेलागणीला लागतो, झोपताना बंद होतो. दार तोवर उघडंच. बल्बच्या दोन्ही बाजूंना, होल्डरपासून कोपऱ्यापर्यंत, जाळी. अंधाऱ्या मागच्या खोलीत मात्र एकही नाही, आणि ती खोली मावशी महिन्यातून एकदा झाडते.

इथंच सगळं आलं. किड्यांना निळसर पांढरा उजेड जास्त ओढतो, पिवळा कमी. किडे उजेडाकडे येतात, किड्यांमागे मकडी येते, मकडीमागे पाल. पूर्वी घरात 40 किंवा 60 वॉटचा पिवळा गोळा असायचा तेव्हाही जाळी होती, पण आता दुकानात बल्ब मागितला की दुकानदार न विचारता पांढराच काढून देतो. डब्यावर 6500 के लिहिलेलं असतं (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप), तो हा. त्याऐवजी 2700 किंवा 3000 के लिहिलेला, 'वॉर्म व्हाइट' म्हणून मिळणारा मागा. किंमत जवळपास तीच. नसेल तर दुकानदार मागवून देतो, फक्त चारदा आठवण करावी लागते.

रंग बदलण्याहून जागा बदलण्याचा फायदा मला जास्त दिसला. चौकटीच्या डोक्यावरचा बल्ब काढून समोर दहा-बारा फुटांवर, अंगणातल्या खांबाला किंवा निंबाच्या झाडाला लावा आणि उजेड दाराकडे वळवा. पायरी दिसते, विंचूकाटा दिसतो, आलेलं माणूस दिसतं, आणि किड्यांची जत्रा तिकडं भरते. मावशीकडे वायर तेवढी लांब न्यायची तयारी नव्हती ("पोट्टे वायर तोडतील"), म्हणून तिथं नुसता पिवळा बल्ब लावला आणि बल्बच्या दोन्ही बाजूंची जाळी आधी नीट काढली.

नीट म्हणजे कशी, तेही सांगतो. आपण वेळूला फडा बांधतो आणि सरसर फिरवतो. जाळं गुंडाळून येतं, मकडी दोन फूट बाजूला पळते आणि रात्री पुन्हा कामाला लागते. छताच्या कोपऱ्यात उलटी लटकणारी, दाण्याएवढ्या अंगाची आणि दोऱ्यासारख्या लांब पायांची जी मकडी असते, तिला फडा लागला की ती स्वतःला एवढ्या जोरात हलवते की पुसट दिसायला लागते. त्या वेळी तिच्या तोंडाकडे लक्ष द्या. मादी असेल तर तोंडात फिकट गोळी धरलेली दिसेल. ती अंडी. म्हणजे जाळं काढताना तुम्ही एक घर पाडता आणि बिऱ्हाड तिथंच सोडून जाता. फड्यावर मकडीसकट घ्या, सरळ सांदवाडीत, घरामागच्या वाडीत, नेऊन झटका, मग त्या जागेवर ओलं फडकं फिरवा. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा एक फेरी मारा, राहिलेल्या अंड्यांतली पिल्लं तोवर बाहेर आलेली असतात. दोन फेऱ्या आणि बदललेला दिवा एवढ्यावर मावशीचं छप्पर पोळ्यापर्यंत बऱ्यापैकी साफ राहिलं. पूर्ण साफ नाही. एका कोपऱ्यात एक आहेच, ती मीच सोडली.

पहिल्या मोठ्या पावसानंतर संध्याकाळी उधईचे थवे उठतात तेव्हा तर काहीच करू नका, दिवे घालवून बसा. अर्ध्या-एक तासात लोंढा ओसरतो. एवढी एकच संध्याकाळ असते की जेव्हा गावात लोडशेडिंगला कुणी शिव्या देत नाही.

कोणती ठेवायची, कोणती काढायची

भिंतीवरची तळहाताएवढी चपटी मकडी पाहून घरातले सगळे किंचाळतात. ती जाळं विणतच नाही. दिवसा फोटोच्या मागं, कॅलेंडरच्या मागं चपटून बसते आणि रात्री झुरळं मारते. पोटाखाली पांढरी, गोल, बत्ताशासारखी चपटी पिशवी घेऊन फिरताना दिसली तर ती मादी. ती अंगावर येत नाही. मुठीत दाबली तर चावेल, थोडा वेळ दुखेल. नको असेल तर तोंड मोठं असलेला प्लास्टिकचा डबा तिच्यावर उपडा ठेवा, भिंत आणि डबा यांच्यामध्ये जुन्या कॅलेंडरचं जाड पान सरकवा आणि गुरांच्या कोठ्याकडे नेऊन सोडा. डबा ठेवताना हळू, पान सरकवताना आणखी हळू, नाहीतर पाय तुटतात. माझी बायको हे काम माझ्याहून चांगलं करते. मी शिडीवर असताना ही मकडी अचानक समोर आली की अजूनही माझा हात सुटतो.

दुसरी नखाएवढी, करडी, खिडकीच्या गजावर उड्या मारत माशा पकडणारी. तुम्ही बोट हलवलं की ती अख्खी वळून तुमच्याकडे पाहते, समोरचे दोन डोळे मोटारीच्या हेडलाइटसारखे. हिला हात लावू नका. ही घरात असणं चांगलं.

सांदवाडीतल्या जाळ्यांचा तर प्रश्नच नाही. वालाच्या वेलावर इंग्रजी एक्ससारखी पांढरी नक्षी काढून मधोमध बसणारी, धुऱ्यावरच्या बाभळीत काडीकचऱ्यासकट मळकट गठ्ठा विणून शेकड्यांनी एकत्र राहणारी, या माणसाच्या वाटेला जात नाहीत. कापसातल्या मकड्या तर तुडतुडे आणि अळ्या खातात. मित्रकिडीच्या यादीत त्यांचं नाव असतं, तरी आपण म्हणतो, पऱ्हाटीवर जाळे आले, फवारा.

मागच्या पावसाळ्यात एका घरी पंखा बसवत होतो. सरपणाच्या मोळीतून एक मोठी तपकिरी मकडी फरशीवर आली, पाठ जरा खडबडीत. घरच्या पोराने चप्पल काढली आणि दिली ठेवून. पुढच्या क्षणी फरशीवर राई सांडावी तसे शंभरेक ठिपके चहूकडे पळाले. आजी पाट सोडून उठली, पोरगा खाटेवर चढला. ती जमिनीवर राहणारी मकडी होती. अंड्यांची पांढरी गोळी मागं चिकटवून फिरते आणि पिल्लं निघाली की सगळी पाठीवर घेते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो ना आपण, तसंच हिचंही. खडबडीत दिसत होती ती पाठ नव्हती, पोरं होती. अशी मकडी दिसली तर मारू नका, फड्याने ढकलत दाराबाहेर काढा. मारलीच तर पुढचे चार दिवस काढत बसा.

'मकडी मुतली' म्हणतात ते

आता जे खरं दुखणं आहे त्याकडे येतो. भादव्यात एका ओळखीच्या घरून फोन आला, पण विजेचा नव्हता. पोरगं दहावीला, रात्री टेबलावर एलईडीचा दिवा लावून अभ्यास करायचं. सकाळी मानेवर भाजल्यासारखा लांब पट्टा, दुसऱ्या दिवशी त्यावर पिवळसर फोड. हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला वर-खाली तसेच दोन डाग, आणि गंमत म्हणजे हात मिटला की वरच्या डागाला खालचा डाग बरोबर जुळायचा, आरशातल्यासारखा. आजी म्हणाली, "रात्री लेकराच्या अंगावर मकडी मुतली." चुना लावून झाला, अमचूर लावून झालं. मला बोलावलं ते दिव्याच्या मागचं जाळं काढायला.

जाळं काढलं. त्यात मकडी लांब पायांचीच होती, जी बिचारी कोपरा सोडून खाली उतरत नाही. पण दिव्याच्या बुडाशी दुसरंच काहीतरी चालत होतं. मुंगीसारखं, पण मुंगी नव्हे. लांबी साधारण तांदळाच्या दाण्याएवढी किंवा जराशी जास्त. डोकं काळं, छाती नारिंगी, त्यामागे आखूड निळसर-हिरवे पंख, मग पुन्हा नारिंगी पोट आणि शेवटचं टोक काळं. कागद पुढं केला तर शेपूट विंचवासारखी वर केली. तो पेडेरस नावाचा भुंगेरा. तो चावत नाही, डंख मारत नाही, मुततही नाही. तुम्ही त्याला अंगावर चिरडता, झोपेत किंवा मान चोळताना, आणि त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा द्रव कातडीला लागतो. लागताच कळत नाही, आग एखाद्या दिवसाने सुरू होते. तोवर किडा कुठला कुठं गेलेला असतो, आणि वर मान केली तर छताला काय दिसतं? मकडी. आळ तिच्यावर येतो.

जिथं बोट ओढलं गेलं तिथं पट्टा उठतो. कातडीला कातडी लागली तिथं जोडडाग. तोच हात डोळ्याला लागला तर डोळा सुजून बंद होतो. हा भुंगेरा ओल्या जमिनीत राहतो, धानाच्या बांधीत तर भरपूर, तेव्हा भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या मंडळींना हे दुखणं आमच्याहून ओळखीचं असेल. शेतात तो पिकावरचे किडे खातो, म्हणजे तोही कामाचाच. घरात येतो तो दिव्यासाठी.

उपाय साधा आहे, फक्त वेळेवर करावा लागतो. अंगावर बसला तर चापट मारू नका. फुंकर मारा किंवा कागदावर घेऊन झटका. चिरडलाच असेल तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, हातही धुवा. आग सुरू झाली असेल तर गार पाण्याची पट्टी. चुना नको, तो आधीच भाजलेल्या कातडीला आणखी भाजतो. फोड फोडू नका. डोळ्याजवळ असेल, फार पसरलं असेल, पू दिसत असेल तर डॉक्टर. एरवी आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतं, काळपट डाग काही दिवस राहतो. आणि दोरीवरचा टॉवेल! छपरीतल्या बल्बखाली दोरी, दोरीवर टॉवेल, सकाळी उठून तोच तोंडावर चोळायचा. आधी झटका. त्या पोराची खाट मी दिव्यापासून लांब सरकवली, मच्छरदाणी लावायला सांगितली, टेबलावर पिवळा दिवा दिला. त्यानंतर त्या घरात नवा फोड उठला नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. अंगाच्या एकाच बाजूला, कंबरेवर किंवा छातीवर, पट्ट्यात फोड आले आणि फोडांच्या आधी दोन-तीन दिवस तिथं ठणका होता, तर ते किड्याचं काम नसतं. ती नागीण. ती लहानपणच्या कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, तिच्यावर गोळ्या आहेत आणि त्या फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्या तर चांगल्या लागू पडतात. ते तीन दिवस उतरवून घेण्यात घालवू नका. आणि कापूस घरात भरून ठेवला की हिवाळ्यात सगळ्या घराला खाज सुटते, त्यातही मकडीचा हात नाही. कापसातली धूळ आणि सरकीवरचे बारीक काळपट ढेकूण पाहा आधी.

बाकीची मंडळी

वाणी, म्हणजे ज्याला पैसा म्हणतात तो, काळातपकिरी, हात लावला की चकलीसारखा गोल होणारा. जून-जुलैत घरात येतो कारण बाहेर पाणी झालेलं असतं. चावत नाही. शेतात उगवत्या सोयाबीन-पऱ्हाटीचं नुकसान करतो हे खरं, पण घरातला वाणी कोरड्या फरशीवर आपोआप मरतो. सुपलीत भरून बाहेर टाका. हाताने उचललात तर हात धुवा, त्याचा रस डोळ्याला झोंबतो. भिंतीलगतचा पालापाचोळा, कुटाराचा ढीग हातभर मागं सरकवला की येणं कमी होतं.

गोम वेगळी. वाणीला प्रत्येक कड्याला पायांच्या दोन जोड्या, गोमेला एकच, आणि ती चपटी, चपळ आणि चावरी. लहान मुलं खाली झोपत असतील तर दाराखालची फट बंद करा. सायकलची जुनी ट्यूब उभी कापून पट्टी करा आणि दाराच्या तळाला चुका ठोकून बसवा. पाच रुपयांचं काम, गोम, वाणी, झुरळ, पालीची पिल्लं सगळ्यांना अटकाव.

मृगाचा किडा, लाल मखमलीचा, पोरं आगपेटीत भरतात तो, त्याला काही करायचं नसतं. पाय मोजा, आठ भरतील, म्हणजे तो मकडी आणि विंचवाच्या गोतातला. आताशा दिसतोच कुठं.

विंचवाबद्दल मात्र हसण्यावारी नेऊ नका. गोवऱ्यांचा ढीग, विटांचा थर, भिंतीला टेकवलेल्या तुराट्या, रात्रभर बाहेर राहिलेला बूट. पहिल्या पावसात बिळात पाणी शिरलं की तो घरात कोरडी जागा शोधतो. आमच्याकडे मोठ्या काळ्या इंगळीची भीती जास्त, पण जीवाला धोका लहान, लालसर-पिवळट विंचवाचा. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च मिळते ती घ्या. अंधारात तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, रेडियमच्या स्टिकरसारखा. मी शेतात रात्रीच्या लायनीला मोटार चालू करायला जातो तेव्हा आधी ती टॉर्च स्टार्टरच्या डब्याखाली आणि दगडांवर फिरवतो. एका रात्री डब्याच्या सावलीत तीन होते.

डंख झाला आणि नुसता त्या जागी ठणका असला तरी दवाखान्यात दाखवा. घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, धाप लागली तर क्षणही घालवू नका, 108 ला फोन लावा, नाही आली तर मिळेल त्या गाडीने न्या. लहान पोर असेल तर लक्षणांची वाटच पाहू नका. कापू नका, आवळून बांधू नका. लाल विंचवाच्या डंखावर प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी चालते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी खेड्यातल्या रुग्णांवर उपचार करता करता दाखवून दिलं. त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. आधी मांत्रिकाकडे जाऊन मग दवाखाना, या फेऱ्यात जो वेळ जातो तोच महागात पडतो.

औषधाची गोष्ट

तर कायचं औषध मारू? पाच वर्षांमागं मी हाच विचार केला होता. कपाशीवर फवारून उरलेलं औषध बाटलीच्या तळाला होतं. म्हटलं फेकण्यापेक्षा कोठ्यात मारू, जाळी पण जातील, गोचीड पण. पाठीवरचा पंप घेतला आणि कवेलूपासून दावणीपर्यंत सगळं भिजवलं. संध्याकाळी वासराच्या तोंडातून लाळेची धार. मान थरथरत होती. जनावरांचा डॉक्टर रात्री आला, इंजेक्शनं दिली, वासरू वाचलं. डॉक्टरने मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि बरोबरच होतं.

मकड्या मेल्या का? काही मेल्या. पाली गेल्या. पंधरा दिवसांत कोठ्यात डास आणि माशा इतक्या झाल्या की गाय पाय आपटून दूध काढू देईना. महिन्याभरात मकड्या परत आल्या, खायला भरपूर होतं ना. उंच पायांवर उभी राहणारी मकडी भिंतीवरच्या औषधाला अंग लावतच नाही म्हटलं तरी चालेल, मरतात ते बाकीचे.

2017 मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते उघड्या शेतात, वाऱ्यात. तेच औषध बंद खोलीत, जिथं लेकरं झोपतात तिथं मारायचं? बाटलीवर ज्या पिकाचं नाव आहे तेवढ्यासाठीच ते आहे. मुंग्यांचा खडूही रांगत्या पोराच्या हाताला लागेल असा ओढू नका. कापूर, लिंबाची साल, पुदिना हे सगळं मी करून पाहिलं. वास छान येतो. मकडी तिथंच.

बोर्डातलं आणि स्टार्टरमधलं जाळं

हे माझ्या धंद्यातलं, म्हणून जरा ठासून सांगतो. बोर्डाच्या भोकात, थ्री-पिनच्या छिद्रात, स्टार्टरच्या डब्यात माती भरलेली दिसली तर ती कुंभारीण माशी. चिखलाची घरटी करते आणि एकेका खोलीत मकड्या कोंबते. फोडून पाहिलं तर आत पाच-सात मकड्या ओळीने, मेल्यासारख्या. मेलेल्या नसतात, डंख मारून लुळ्या केलेल्या असतात, तिच्या अळीसाठी ताजा डबा म्हणून. जाळ्यांचा ताप होणाऱ्या घरात ही माशी दिसली तर तिची माती भिंतीवर असेल तर राहू द्या, तुमचंच काम करतेय. बोर्डात असेल तर काढावीच लागते, ओलसर माती दोन टोकांत आली की शॉर्ट.

काढताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. घरात मेन स्विच पाडा, मग टेस्टर लावून पाहा. शेतात डब्याचं कट-आउट (फ्यूज) किंवा मेन काढून खिशात ठेवा, नाहीतर रात्रीची लाइन कधी येईल सांगता येत नाही. डबा उघडण्याआधी काठीने दोनदा ठोका, आत पाल, मुंगळे, कधी साप असतो. कोरडा रंगाचा ब्रश घ्या, ओलं फडकं अजिबात नको. कॉन्टॅक्टवर मुंगळे चिरडून बसले असतील तर मोटार घूं-घूं करते आणि उचलत नाही, ते नखाने खरवडू नका, मला किंवा तुमच्या गावच्या माणसाला बोलवा. आणि झाकण लावताना खालची वायर जाण्याची भोकं जुन्या ट्यूबच्या तुकड्याने बुजवा, तिथूनच सगळे आत येतात.